पाडव्याच्या पुढचा बाजार

जोहराआपाच्या हातात तुम्ही हात दिला, की ती आधी तुमच्या तोंडाकडं बघते. मग अंगठ्याच्या मुळाशी, जिथं हाड उंच येतं तिथं, एकदाच दाबते आणि मापाचा आकडा सांगते. तिच्याकडं मापाची कडी नाही. मुखेडच्या बाजारात तीस वर्षं बसून तिनं जे हात दाबले, ते सगळे तिच्या ध्यानात आहेत. लग्न होऊन गेलेली पोर दहा वर्षांनी माहेरी येते, दुरून हात हलवते आणि आपा तिकडून म्हणते, "दोन-सहाची दोन-आठ झालीस गं. सासर मानवलं म्हनायचं."

घरात तिच्या एका भिंतीवर उर्दू कॅलेंडर आणि समोरच्या भिंतीवर पंचांग. पंचांग धंद्याचं. लग्नाच्या तिथ्या तिला भटजीच्या आधी ठाऊक असतात. नवरीचा हिरवा चुडा भरायला तिला मुखेडपासून नांदेडपर्यंत बोलावणं असतं, आणि चुडा भरून झाला की नवरी बांगड्या भरणारीला वाकून नमस्कार करते, मग घर देशमुखाचं असो की मास्तराचं. तिचा नवरा मकसूदभाई हातगाड्यावर पिना, टिकल्या, रिबिनी विकतो. आपा म्हणते, "ह्यांना सलाम करतेत, मला नमस्कार. ह्यांचं पोट म्हून दुखतंय."

मी महामाया. कुणाच्या नोकरीत नाही, कुठल्या संस्थेच्या पाटीवर नाही. सातवीला शाळा सुटली. दवाखान्याचे फॉर्म, योजनेचे कागद, कुठल्या टेबलावर हात आपटायचा आणि कुठल्या टेबलापुढं गप उभं राहायचं, हे माझं मी शिकले. माणसं दवाखान्यात न्यायची, त्यांच्या वतीनं भांडायचं, हे माझं काम. पैकी भांडण शिकावं लागलं नाही.

दिवाळीच्या आधी मी आणि आपा नांदेडच्या एसटीत शेजारी बसलो होतो. तिनं वाटेत दोनदा बस थांबवायला लावली. दुसऱ्यांदा कंडक्टर कुरकुरला, तर मी त्याला धुतला. आपा परत येऊन बसली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी खोदून विचारलं. मूळव्याध आहे म्हणाली. कधीपासून, तर शिमग्यापासून. रक्त पडतं का, तर पडतं. औषध काय, तर बाजारात एक जण पुडी देतो. आठ महिने ही बाई पुड्या खाऊन बाजार करत होती. माझं डोकं फिरलं आणि मी तिथंच सुरू झाले. आपा म्हणाली, "महामाया, भांडायचं तर खाली उतरून भांड. लोकं कान लावून बसलेत."

नांदेडला मी तिला कामाच्या जागी जाऊच दिलं नाही, सरळ डॉक्टरकडं नेलं. दुर्बिणीनं आतडं बघायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला ते चार ग्लास औषधाचं पाणी पाजतात. आपानं चौथा ग्लास संपवून सांगितलं, की हे पाणी पाजून पोलीस चोराकडून काहीही कबूल करून घेतील. आतला तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी कागद आला. डॉक्टरबाई सरळ माणूस होत्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे म्हणाल्या, आडपडदा ठेवला नाही. मकसूदभाई खुर्चीतून उठले आणि परत बसले. आपानं विचारलं, मोठं आतडं असतं किती मोठं. पाचेक फूट, डॉक्टरबाई म्हणाल्या. आपानं हवेत हातानं माप घेतलं.

"मग काढा की हातभर. उरतंय लई."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जवळपास तेच करायचं आहे.

ऑपरेशन लातूरला करायचं ठरलं, कारण आपाची पोरगी सदफ तिथं डाळमिलीच्या मागं राहते आणि तिथल्या दवाखान्यात आमची फुकट इलाजाची सरकारी योजना चालते. तिथल्या डॉक्टरनं तपासून तारीख दिली सव्वीस दिवसांनंतरची. रांग मोठी होती, शिवाय आपाचं रक्त सात पॉइंट एकवर आलं होतं. दहाच्या वर गेल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. आणखी एक सांगितलं. गाठ काढल्यावर आतडं जोडतील, पण जोड भरून यायला वेळ लागतो, म्हणून संडासची वाट पोटावरून काढून तिथं पिशवी लावावी लागेल. बहुतेक काही महिने. कायमची लागेल का, ते पोट उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

डॉक्टरसमोर आपानं मान हलवली. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी न्हाई येनार."

मी म्हणाले, मरायचंय का.

"मरायचं कुनाला हाय? माझं काम काय हाय ते बघ की. नवरीचा हात मांडीवर घेते मी. लोकं वाकतेत माझ्यापुढं. पोटाला संडासची पिशवी लावून कुनाच्या पोरीचा हात धरू? कोन धरू दील?"

अशा वेळी मी आवाज चढवते. चढवला. तिनं तो चढू दिला, उतरू दिला, मग अट घातली. नांदेडच्या सौदामिनीबाईंच्या नातीचा, मालविकाचा चुडा अठराव्या दिवशी होता. त्या घरातल्या तीन पिढ्यांना बांगड्या आपानंच भरलेल्या. तो चुडा भरून झाल्यावर ठरवीन म्हणाली. तोवर दवाखान्याचं सगळं करीन, सुया घेईन, पण कुणाला एक अक्षर कळता कामा नये. माझ्याकडून शपथ घेतली. मी दिली.

मग सुरू झालं वाट बघणं. मी आजवर लई लोकांना वाट बघताना बघितलंय, भिंतीकडं तोंड करून. आपानं त्याचा बाजार मांडला.

आतडं आतून अरुंद झालेलं, म्हणून चोथ्याचं काही खायचं नाही असा डॉक्टरचा हुकूम. भाकरी बंद, पालेभाजी बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. मऊ भात, दही, अंडी, डाळीचं पाणी चालेल. आता मकसूदभाईंना उभ्या जन्मात एकच पदार्थ येतो, पार शिजून लगदा झालेली गिरगट खिचडी. आपानं तीस वर्षं त्या खिचडीला नावं ठेवली होती. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर पहिलंच नाव खिचडीचं निघालं. मकसूदभाईंनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. एरवी कासवासारखा चालणारा माणूस, त्या दिवसापासून पहाटे उठून चूल पेटवायला लागला आणि आपाला ताटापुढं बसवून सांगायला लागला, की डॉक्टर शिकलेले असतात, ते उगीच लिहीत नाहीत. आपा घास गिळून म्हणायची, "खिचडी बरी हाय. वाढनाराचा रुबाब पचंना झालाय."

दर आठवड्याला लातूरला जाऊन शिरेतून लोहाचं औषध घ्यायचं, रक्त तपासायचं. दोन बाटल्या रक्तही चढवलं. सदफच्या गल्लीत सगळी क्लासची पोरं राहतात, खोल्याखोल्यांत चार-चार. कुणाचे मार्क किती, कुणाचा नंबर कितवा, याशिवाय तिथं बोलणं नाही. आपा दवाखान्यातून आली की गल्लीच्या तोंडावर उभी राहून सदफला सांगायची, "आठ पॉइंट चार." पुढच्या खेपेला, "नऊ पॉइंट दोन." पोरांना वाटायचं, मावशी कुठल्या तरी परीक्षेला बसलीय. एकानं विचारलं, कटऑफ कितीचा. आपा म्हणाली, दहाचा. तो म्हणाला, मावशी, होऊन जाईल, शेवटच्या महिन्यात सगळ्यांचे वाढतात.

तिसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या पिशवीच्या सिस्टरनं आम्हांला बसवून घेतलं. पिशवी दाखवली. मी त्या पिशव्या आधी बघितल्या होत्या, तरी आपाच्या तोंडाकडं बघायची हिंमत होईना. सिस्टरनं एक जाड कागद काढला, त्यात लहानमोठी गोल भोकं. म्हणाली, ऑपरेशननंतर हे लावून माप घ्यायचं, मग पिशवीच्या चकतीला तेवढंच भोक कापायचं. आपानं कागद हातात घेतला. एकेका भोकात बोट फिरवलं.

"घट्ट झालं तर?"

"रुततं, कातडी दुखते."

"अन् सैल झालं तर?"

"गळतं, मावशी. माप बरोबर लागतं."

आपा खुर्चीत पुढं सरकली. तिनं कात्री मागितली. सिस्टरनं सरावाची एक चकती दिली आणि एक आकडा सांगितला. आपानं कागदाकडं न बघता चकती फिरवत फिरवत एका दमात गोल कापला. सिस्टरनं मापाच्या भोकावर धरून बघितला. केसाचा फरक नव्हता. सिस्टर म्हणाली, इथं शिकलेली माणसं तीन-तीन चकत्या वाया घालवतात. मग शेजारच्या खोलीतून एका पेशंटच्या नवऱ्याला बोलावलं. त्याला हे जमत नव्हतं, आणि अर्धा तास आपा त्या माणसाला गोल कापायला शिकवत होती. अंगठा दाबू नका, कात्री नका फिरवू, चकती फिरवा.

मला वाटलं, झालं आता, सुटलं कोडं. एसटीत बसल्यावर मी तसं म्हणाले. आपा खिडकीतून तुरीची रानं बघत होती.

"पिशवी जमंल मला," ती म्हणाली. "लोकांचं काय करू ते सांग."

अठराव्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो. मी कशाला गेले, तर तिची पेटी उचलायला. सौदामिनीबाई रिटायर झालेल्या शिक्षिका, घरात प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवलेली, चुड्याचीसुद्धा. मालविका पाटावर बसली, भोवती वीस-पंचवीस बायका. आपानं हिरव्या बांगड्या ओल्या फडक्यावर मांडल्या, मालविकाचा डावा हात मांडीवर घेतला, दाबला आणि म्हणाली, "आजीचाच हात हाय. त्यांना भरताना बी मला घाम फुटला होता." बायका हसल्या. ती एकेक बांगडी चढवताना गप्पा मारते, म्हणजे नवरीचं लक्ष हातावर राहत नाही आणि हात सैल पडतो. मालविकाला तिनं नवऱ्या मुलाबद्दल असं काही विचारलं की पोरगी लाजून लाल झाली, आणि तेवढ्यात चार बांगड्या आत गेल्या.

डाव्या हाताच्या मध्येच आपाला उठावं लागलं. परत आली, बसली. थोड्या वेळानं पुन्हा. डावा हात पुरा झाला आणि तिसऱ्यांदा. पाहुण्यांत एक रेशमी साडीची बाई होती. आपा परत आली तशी ती म्हणाली, हात नीट धुऊन आलात ना, नवरीचा हात आहे. आपा म्हणाली, साबणानं धुतले ताई. ती बाई शेजारणीकडं वळली. आवाज हळू ठेवलेला, पण सगळ्यांना ऐकू जावा एवढा. सारखी जाते, काही रोगबिग असला म्हणजे, आणि आपण तिला नमस्कार करायचा.

मी भिंतीला टेकून उभी होते. शपथ होती, ती आठवलीसुद्धा. तरी मी बोलले.

"कॅन्सर हाय तिला. आतड्याचा. आठ दिवसांनी पोट फाडनार हायेत. तरी मुखेडहून एसटीनं येऊन चुडा भरून राहिली. अजून काय इचारायचंय?"

आपानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं मालविकाचा डावा हात हळूच पाटावर ठेवला आणि सौदामिनीबाईंना म्हणाली, "खोटं न्हाई, बाई. पोटाला पिशवी बी लागंल म्हनतेत. एक हात झालाय. दुसरा कुनाकडून भरून घ्यायचा ते तुमी बोला. बांगड्या इथंच ठेवून जाते."

सौदामिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वेळापत्रकात नसलेलं काही घडलं की त्या असंच करतात म्हणे. मग म्हणाल्या, "जोहरा, माझ्या नातीचा चुडा अर्धा टाकून तू जाणार कुठं? खाली बस. आणि तब्येतीचं मला आधी का नाही सांगितलंस, त्याचं आपण नंतर बोलू."

त्यांचं बोलणं संपेपर्यंत मालविकानं उजवा हात आपाच्या मांडीवर ठेवला होता. त्या हाताला गप्पा मारल्या नाहीत आपानं. तसाच भरला. झाल्यावर मालविका वाकली, सौदामिनीबाई वाकल्या, वयानं मोठ्या असून. बाकीच्या बायकाही आल्या. रेशमी साडीची आली नाही, तिला स्वयंपाकघरात चहाचं बघायचं होतं. आणखी दोघी आपल्या जागेवरून उठल्या नाहीत. मी मोजून ठेवलं. आपानंही मोजलं असणार.

परतीच्या बसमध्ये ती मला सोडून पुढच्या सीटवर बसली. मुखेडला उतरताना एवढंच म्हणाली, "माझं होतं ते. मी सांगायचं होतं."

पेटी माझ्या हातातून घेतली आणि निघून गेली. मी साहेबांना, कंडक्टरांना, पुढाऱ्यांना माफी मागायला लावलीय. मागायची कशी ते मला येत नाही. चार दिवस मी तिच्या घरासमोरून गेले आणि आत गेले नाही. मकसूदभाई दारातून हळूच खूण करायचे, की अजून पेटलेली आहे, पुढं जा.

बाजारचा दिवस आला. तोवर सौदामिनीबाईंच्या फोनमुळं त्यांच्या मुखेडच्या चुलतबहिणीला, आणि तिच्यामुळं सगळ्या तालुक्याला कळलं होतं. मी सकाळीच जाऊन आपाच्या दुकानाशेजारी पोतं टाकून बसले. तिनं मला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. दुकान मांडलं. पहिल्या तासाला कुणी आलं नाही. नेहमीच्या दोन बायका समोरून गेल्या, आपाकडं बघून हसल्या आणि पलीकडं गुंडप्पाकडं वळल्या. गुंडप्पा प्लास्टिकच्या बांगड्या विकतो. त्याचं आणि आपाचं वीस वर्षं जागेवरून भांडण आहे, दोघांत वीतभर जागेचं. तो त्या बायकांना म्हणाला, माझा माल आज हलका हाय, काचेच्या तिकडं हायेत. बायका निघून गेल्या. ना त्याच्याकडून घेतल्या, ना हिच्याकडून. आपा बांगड्यांवरची धूळ फडक्यानं पुसत बसली, जिथं धूळ नव्हती तिथंसुद्धा. मला वाटलं, ही बाई दवाखान्यात जाणार नाही, आणि त्याला माझं तोंड कारण.

उन्हं वर आली तशी बाऱ्हाळीकडची जीप आली आणि चार आया आणि त्यांच्या चार पोरी आपापुढं येऊन बसल्या. त्यांतली थोरली म्हातारी आपाची जुनी गिऱ्हाईक.

"चुडं भरून दे, आपा. चौघींचं."

आपानं विचारलं, लग्नं कधीची. म्हातारी म्हणाली, ह्या दोघींची उन्हाळ्यात हायेत. तिसरीचं बघून राहिलोत. चौथीची बारावी हाय अजून.

"मग आत्ता कामून चुडं?"

"तू जाऊन राहिलीस म्हून. मागारी कवा येतीस, काय भरवसा? पोरींनी मग कुनाकडून भरायचं, ह्या गुंडप्पाकडून?"

गुंडप्पानं पलीकडून सांगितलं, की त्याला सगळं ऐकू येतंय.

चौथी पोर म्हणाली, मी लगीन करत न्हाई, मी लातूरला क्लास लावनार हाय. तिच्या आईनं तिला गप केलं. मी कान टवकारले, पण माझ्या आधी आपाच बोलली, की हिला शिकू दे आधी, हिचा हात अजून वाढायचाय. आणि मग त्या चौघींवर जी सुरू झाली, ती गेल्या चार दिवसांचं सगळं बाहेर पडल्यासारखी. चुडा काय लोणचं हाय का, भरून ठेवायला. हळदीच्या आधी मी कुनाचा भरला आजपातुर? सहा महिनं हिरवा चुडा घालून शेण काढतील पोरी, फोडून टाकतील, मग मांडवात काय मोकळे हात घेऊन बसतील? अकलीनं वागा जरा. मी असा चुडा भरत न्हाई. भरनार न्हाई.

म्हातारी ऐकून घेत होती. आपा श्वास घ्यायला थांबली तशी म्हणाली, "मग मागारी कवा येतीस ते सांग. तारीख सांग, आमी थांबू."

आजूबाजूच्या चार दुकानदारांनीही माना वळवल्या होत्या. आपाच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, मनात तिथ्या मोजत होती. येता गुढीपाडवा आणि ईद एकमेकांना लागून येत होती. डॉक्टरनं बरं व्हायला तीन महिने सांगितले होते, पुढं औषधाच्या सुया लागतील न लागतील. तिनं कितीदा बोटं मिटली, कितीदा उघडली.

"ईद घरात करते," ती शेवटी म्हणाली. "पाडव्याच्या पुढच्या बाजाराला इथं बसते. याच जागेला. पोटाला पिशवी असंल कदाचित. चालंल का, ते आत्ताच बोल. त्या दिवशी मागं सरकायचं न्हाई."

म्हातारीनं आपाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पिशवी पोटाला हाय न्हवं? बांगड्या तू हातानं भरतीस."

आपा पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं वळली.

"ऐकलं का, बाई? पाडव्याच्या पुढचा बाजार. आता हे बी वरडून सांग सगळ्यांना. तुला सवय हाय."

मी सांगितलं. पोत्यावर उभी राहून, मिरच्यांच्या रांगेपासून गुरांच्या बाजारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. गुंडप्पानं आणखी पुढं पोचवलं. मुखेडच्या बाजारात बोललेली तारीख मोडली तर माणसाला दुसऱ्या बाजाराला जावं लागतं, आणि आपाला दुसरा बाजार नको होता. दुपारपर्यंत तिथं बायका बसायला जागा उरली नाही. रोजच्या बांगड्या भरल्या तिनं, पोरीबाळींच्या, म्हाताऱ्यांच्या. सकाळी पुढं गेलेल्या दोघींतली एक परत आली. आपानं तिला एक शब्द लावला नाही, फक्त तिची रांग शेवटी ठेवली. गुंडप्पा संध्याकाळी म्हणाला, तू नसशील तवा तुझी वीतभर जागा मी संभाळतो. आपा म्हणाली, संभाळ, पन बसू नको.

पंचविसाव्या दिवशी लातूरला रक्त दहा पॉइंट दोन निघालं. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना अजूनही परीक्षा कसली ते माहीत नव्हतं. वॉर्डात सिस्टर म्हणाली, उद्या ऑपरेशन, हातातलं सगळं काढावं लागेल, बांगड्या निघत नसतील तर फोडाव्या लागतील. शेजारच्या खाटेवरची उदगीरची एक बाई त्याच कारणानं सकाळपासून डोळे पुसत होती. नवरा जिवंत असताना बांगड्या फोडायच्या कशा. आपानं साबण मागितला. त्या बाईचा हात हातात घेतला, तिच्या गावच्या कुठल्या तरी सुनेची चौकशी सुरू केली, आणि ती बाई उत्तर देत असतानाच बारा बांगड्या न फुटता निघून उशाशी आल्या. मग पलीकडची आली. मग समोरच्या वॉर्डातून दोघी. सिस्टर हात बांधून बघत राहिली. शेवटी आपानं स्वतःच्या काढल्या आणि मकसूदभाईंच्या रुमालात बांधून दिल्या.

सकाळी डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले. आपानं तो माझ्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून घेतला. पिशवीचं वाक्य आलं. तात्पुरती अथवा कायमस्वरूपी. तिथं तिनं मला थांबवलं. मी थांबले. मकसूदभाई छताकडं बघायला लागले.

"पुढं वाच," ती म्हणाली. "मी इथं फक्त दम घ्यायला थांबले."

सही तिला येते, तीन अक्षरांची, बांगडीसारखी गोल. ती तिनं सावकाश केली. स्ट्रेचर आलं, तर चालत जाते म्हणाली. त्यांनी चालू दिलं नाही. ढकलत नेताना ती सिस्टरला विचारत होती, किती दिवसांत उठवता, किती दिवसांत बसता येतं, मांडी घालून कधी बसता येतं. सिस्टर म्हणाली, मावशी, ते सगळं डॉक्टर ठरवतील.

"ठरवू दे की," आपा म्हणाली. "पन त्यांना सांग, मी बाजारात तारीख बोलून आलेय."

दार बंद झालं. आतून तिचा आवाज अजून येत होता. दुसऱ्या कुणाला तरी ती तेच समजावत होती.